२४५ बसेल का हो? रुंद चाकांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अलाइनमेंटवर सविस्तर लिहिलं होतं, त्यावर एकही पत्र नाही. शेवटी जाता जाता रुंद टायरचा एका ओळीत उल्लेख केला होता, त्यावर मात्र ढीगभर. तर या वेळी तेच घेऊ. सारखे प्रश्न होते ते एकात घेतलेत, आणि "फोटो पाठवतो, बघून सांगा बसेल का" म्हणणाऱ्यांना एवढंच, की फोटोवरून स्थळ बघता येतं, ऑफसेट नाही.

प्रश्न : दादा नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, आता कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला असतो. माझ्याकडे टोयोटा जीआर८६ आहे, १८ इंची चाकांची, टायर कंपनीचेच २१५/४० आर१८. गाडीवर जीव आहे, पण मागून बघितलं की टायर अगदीच बारके दिसतात आणि चाक आत गेल्यासारखं वाटतं. इथे एकजण १८ बाय साडेनऊ, ईटी ३५ चा सेट विकतोय, त्यावर २४५/४० आर१८ टायर चढवलेले आहेत, भावही बरा सांगतोय. वर्षातून दोनचारदा थंडरहिल नाहीतर लागुना सेकाच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे करतो. काही न कापता, न ठोकता बसेल ना?

उत्तर : नाही बसणार. म्हणजे नट आवळून गाडी जॅकवरून खाली उतरेल, फोटोही झकास येतील, पण पहिल्याच ड्राइव्हवेच्या चढाला तिरकी चढली की आवाज येईल आणि तो आवाज ऐकल्यावर तुम्हाला त्या भावात काही बरं वाटणार नाही. या डीलमध्ये दोन वेगवेगळ्या चुका एकावर एक बसल्यात, म्हणून सुट्ट्या करून सांगतो.

आधी टायर घ्या. २१५/४० मधले २१५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, आणि ४० म्हणजे त्या रुंदीचे ४० टक्के, मिलिमीटर नव्हेत, आणि बरेच जण इथेच फसतात. २१५ चे ४० टक्के म्हणजे ८६ मिमी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, खालीवर मिळून १७२, त्यात १८ इंचाचे ४५७ मिळवले की झाला ६२९ मिमी उंचीचा टायर. आता २४५ चे ४० टक्के काढा, ९८ येतात, एकूण उंची ६५३. ४० चा आकडा तोच दिसतोय पण टायर २४ मिमीनं उंच झाला, म्हणजे जवळजवळ चार टक्के, आणि तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये हा टायरच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. उंची वाढली की स्पीडोमीटर कमी दाखवतो, गिअरिंग लांबतं म्हणजे तिसऱ्या गिअरला जी ओढ होती ती मवाळ होते, आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला पुढे नाहीतर मागे टेकतो. १८ इंचात २४५ च हवा असेल तर २४५/३५, तो बरोबर ६२९ ला येतो.

आता चाक. ईटी म्हणजे चाकाच्या रुंदीची मधली रेष आणि हबला (चाक ज्यावर बोल्ट होतं तो मधला भाग) टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर, म्हणजेच ऑफसेट. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत. तुमचं कंपनीचं चाक साडेसात इंची, ईटी ४८. साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिमी, अर्धे ९५. हबपासून आतल्या बाजूला ९५ अधिक ४८ म्हणजे १४३ मिमी आणि बाहेरच्या बाजूला ९५ वजा ४८ म्हणजे ४७ मिमी. हे दोन आकडे कुठेतरी लिहून ठेवा, पुढे कुठलंही चाक बघितलंत तरी याच्याशीच ताडून बघायचंय. साडेनऊ ईटी ३५ चं काय येतं? अर्धी रुंदी १२०.६, आत १५६ आणि बाहेर ८६. म्हणजे आत १२-१३ मिमी, आणि बाहेर तब्बल ३८ मिमी! ज्या फेंडरमध्ये आज चाक आत गेल्यासारखं वाटतंय त्याच फेंडरच्या बाहेर ते डोकावणार. मग लोक फेंडर रोल करतात, म्हणजे त्याची आतली कड दुमडतात, कॅम्बर (चाकाचा वरचा भाग किती झुकलाय तो कोन, उणे म्हणजे आत) उणे तीन-साडेतीन अंशांवर नेतात, टायर ताणून बसवतात, आणि जी गाडी टोयोटानं इतकी नीट जुळवून दिली तिला गप्प बसवायला हजार-दोन हजार डॉलर घालतात. ज्याला तो दिसण्याचा शौक आहे त्यानं जरूर करावं, पण तुम्ही ट्रॅकवर जाता म्हणून सांगतोय.

तुमच्या जागी मी काय घेतलं असतं? १७ इंची. होय, लहान. १७ मध्ये टायर स्वस्त, निवड जास्त, चाक हलकं, आणि ट्रॅकवर कडेच्या कर्बवर चढलात तरी रिम वाचण्याची शक्यता जास्त. दोन पर्याय आहेत. बिनकटकटीचा हवा तर १७ बाय ८, ईटी ४५, त्यावर २२५/४५ आर१७. आत साडेतीन मिमी, बाहेर नऊ मिमी, टायरची उंची ६३४, म्हणजे टक्क्यालाही कमी फरक. कुठेही घासायचं कारण नाही आणि चाक आत गेल्यासारखंही दिसणार नाही. खरंच जास्त रबर हवं तर १७ बाय ९, ईटी ४२ ते ४५, त्यावर २४५/४० आर१७, उंची ६२८. ईटी ४५ धरलं तर आत १६ मिमी आणि बाहेर २२. हा बसतो, या गाडीवर ट्रॅकला जाणारी मंडळी हाच वापरतात, पण पुढच्या चाकाला थोडा निगेटिव्ह कॅम्बर द्यावा लागतो आणि आतल्या बाजूचा अंदाज घ्यावा लागतो.

आतल्या बाजूचं लोक विसरतात म्हणून जरा थांबतो इथे. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअब्सॉर्बर आणि त्याची स्प्रिंगची ताटली टायरच्या अगदी शेजारी उभी असते. मागे डबल विशबोन आहे, तिकडे जागा बरी. पुढचं चाक काढायच्या आधी गाडी जमिनीवर असतानाच टायर आणि स्ट्रटमधली सगळ्यात अरुंद जागा शोधा, तिथे मुलांची खेळायची माती मिळते ना, तिचा गोळा दाबून बसवा, गाडी थोडी पुढेमागे करा आणि गोळा काढून व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. तीच तुमची खरी जागा, नेटवर कोणी काय लिहिलंय ते सोडा. त्यातून चाक आत जाणारे मिलिमीटर वजा करा, टायर रुंद झाल्यावर रिमच्या बाहेर फुगतो त्याचे चारपाच वजा करा, आणि उरलेले पाच मिमीच्या आत आले तर तो सेट घेऊ नका. नवी चाकं लावल्यावर टायरच्या दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या खडूनं जाड पट्टा ओढा, एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा, मग दुसरं, मग दोन दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवा. खडू कुठे पुसला गेला आणि आतल्या प्लॅस्टिकवर कुठे उमटला ते बघितलं की कुणाला विचारायची गरज नाही.

आणखी तीन गोष्टी पटकन. तुमच्या गाडीचा पीसीडी, म्हणजे किती बोल्ट आणि ते किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर, ५ बाय १०० आहे, बाजारात बहुतेक जपानी चाकं ५ बाय ११४.३ ची असतात, "थोडासाच फरक आहे, बसेल" असं म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा. हबचं मधलं भोक ५६.१ मिमी, आफ्टरमार्केट चाकाचं बहुतेकदा मोठं असतं, मग मध्ये हब रिंग घाला नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरलं की तुम्ही चारचारदा बॅलन्सिंग करत बसाल. आणि तुमची ब्रेम्बो ब्रेकवाली असेल तर कुठलंही १७ इंची चाक त्यावर बसेलच असं नाही, चाकवाल्याकडून ब्रेकच्या कॅलिपरचं टेम्पलेट मागून घ्या, कागदावर छापून पुठ्ठ्याला चिकटवून चाकाच्या आत फिरवून बघता येतं. ऑटोक्रॉसचाही (शंकूंमधून घड्याळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) विचार असेल तर एससीसीए या अमेरिकी मोटरस्पोर्ट क्लबच्या स्ट्रीट क्लासमध्ये चाकाची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, आठ किंवा नऊ इंची लावलंत की वरच्या वर्गात जाल आणि तिथे तुमच्यासमोर कोण उभं असेल ते बघाच.

आता खरं सांगू का? तुमच्या गाडीला २१५ दिलेत ते कंजुषी म्हणून नाही. या गाडीची आधीची पिढी २०१२ मध्ये आली तेव्हा तिला २१५/४५ आर१७ मिशलिन प्रायमसी होते, जे प्रियससारख्या साध्यासुध्या हायब्रीडवरही मिळायचे, आणि त्यावरून लोकांनी भरपूर टिंगल केली. पण मुख्य इंजिनिअर तेत्सुया तादा यांची भूमिका अशी की गाडी साध्या वेगातही खेळकर वाटली पाहिजे, मागचा भाग जरा सुटला तर तो चालवणाऱ्याला कळून सावरता आला पाहिजे. २४५ लावले की पकड वाढते, लॅप टाइम कमी होतो हे खरंच, पण मजा ज्या वेगाला सुरू व्हायची तो वेगही वर सरकतो, आणि तो मग पर्वतातल्या रस्त्यावर गाठण्यासारखा राहत नाही. म्हणून माझा क्रम असा : आधी नीट अलाइनमेंट आणि पुढे थोडा कॅम्बर, मग ब्रेक फ्लुइड आणि पॅड, मग आहे त्याच रुंदीत चांगल्या कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर, साइडवॉलवर ट्रेडवेअर (झिजेचा आकडा) २०० लिहिलेला असतो त्या जातीचा, आणि सगळ्यात शेवटी रुंदी. चांगला २१५ मध्यम २४५ ला घड्याळात सहज गाठतो, आणि पावसात तर विषयच नको.

प्रश्न : काका, मी सांगलीला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवलंय की घर्षण हे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. मग फॉर्म्युला वनवाले एवढे रुंद टायर का लावतात? आणि सरांना विचारलं तर ते म्हणाले परीक्षेत येणार नाही.

उत्तर : सरांना माझा नमस्कार सांग. तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तुझं पुस्तकही बरोबर आहे, फक्त पुस्तकातला नियम लाकडाच्या ठोकळ्याचा आहे आणि टायर रबराचा. रबरावर दाब जितका वाढतो तितका त्याचा घर्षणांक कमी होत जातो, म्हणजे वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. तेच वजन जास्त रबरावर पसरलं की प्रत्येक तुकडा जरा सुखात काम करतो. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या दोन चाकांवर जातं तेव्हा हा फरक जाणवतो.

पण यातली एक गंमत बघ. रुंद टायर लावला की जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ खूप वाढतं असं सगळ्यांना वाटतं, तसं होत नाही. जीआर८६ चं उदाहरण घे, वजन साधारण १२८० किलो, एका चाकावर ३२० किलो, हवा ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केलास तर १४० चौरस सेंटिमीटर येतात, तळहातापेक्षा फार मोठं नाही. साइडवॉलच्या ताठपणामुळे थोडा इकडेतिकडे होतो हिशेब, पण हवा तीच ठेवली तर टायर २१५ असो की २४५, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदचा आखूड आणि आडवा. वळताना ठशाचं मागचं टोक आधी घसरायला लागतं, ते आखूड ठशात उशिरा लागतं, म्हणून स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो. शिवाय एका फेरीत तापायला रबर जास्त असतं, म्हणजे प्रत्येक इंच कमी तापतो आणि मऊ कंपाउंड वापरलं तरी लगेच उडत नाही. रेसिंगवाल्यांना रुंदी हवी असते ती मुख्यतः या उष्णतेसाठी, कारण खूप मऊ रबर अरुंद टायरवर दोन लॅपमध्ये भाजून निघेल.

याची किंमतही असते. हवेला अडथळा वाढतो, वजन वाढतं, आणि ओल्या रस्त्यावर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगतो. फॉर्म्युला वननं २०१७ मध्ये पुढचे टायर २४५ वरून ३०५ आणि मागचे ३२५ वरून ४०५ मिमी केले, गाड्या वळणांत भन्नाट वेगवान झाल्या. आणि आता २०२६ च्या नियमांत पुढे २५ आणि मागे ३० मिमी परत कमी केले, वजन आणि हवेचा अडथळा कमी करायला. म्हणजे जिथे पैशाला तोटा नाही तिथेही रुंदी नुसती वाढतच जात नाही. सरांना सांग, परीक्षेत नसेल, मुलाखतीत येईल.

प्रश्न : नमस्कार, मी स्टुटगार्टला नोकरी करते. माझी माझदा एमएक्स-५ आहे, एनडी पिढीची, १७ इंची, टायर २०५/४५ आर१७. एका सहकाऱ्यानं जपानहून आणलेली हलकी चाकं विकायला काढलीत, १७ बाय साडेसात, ईटी ४५, ४ बाय १००, आत जेडब्ल्यूएल असा शिक्का आहे. त्यावर २१५/४५ घालायचा विचार आहे. गाडीवर नीट बसतील ना, आणि टीयूव्हीला, म्हणजे इथल्या गाडी तपासणीला, अडकेन का?

उत्तर : ताई, गाडीवर बसतील, कागदावर बसतील का ते बघायला लागेल. तुमचं मूळ चाक ७ इंची ईटी ४५ चं, म्हणजे नव्या चाकानं आत आणि बाहेर सहा-सहा मिमी वाढतात, एवढं एनडी हसत सामावून घेते. २१५/४५ ची उंची ६२५ येते, मूळची ६१६, दीड टक्का वाढ. मात्र टायर उंच झाला की स्पीडोमीटर कमी दाखवतो, आणि युरोपात स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं चालतच नाही. कंपनी आधीच थोडा जास्त दाखवणारा देते म्हणून दीड टक्का बहुतेक पचतो, पण तपासणारा विचारू शकतो.

खरी गाठ कागदाची. आपल्याकडे चाक बसलं की झालं, जर्मनीत त्या चाकाचा त्या गाडीसाठीचा कागद लागतो, आ-बे-ए (मंजुरीपत्र) किंवा गुटआख्टन (तज्ज्ञाचा अहवाल), आणि त्यात लिहिलेल्या अटींप्रमाणे टीयूव्ही, डेक्रा किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून गाडीच्या कागदांत आइनट्रागुंग, म्हणजे नोंद, करून घ्यायचं. जेडब्ल्यूएल हा जपानचा चाकाच्या मजबुतीचा शिक्का, तो चांगलाच आहे, पण त्यानं जर्मनीतलं काम होत नाही. कागद नसेल तर एकल मंजुरीची वाट उरते, परिच्छेद २१ वाली, आणि तिथे चाकाच्या मजबुतीचा अहवाल मागतात. तो निर्मात्याकडून मिळत असेल तर ठीक, नाहीतर चाकापेक्षा कागद महाग पडेल. बिनमंजुरीचं वापरलंत तर गाडीचा परवानाच, म्हणजे बेट्रीब्सएरलाउबनिस, रद्द धरला जाऊ शकतो आणि अपघात झाला तर विमावाले तोच धागा पकडतील. म्हणून पैसे द्यायच्या आधी जवळच्या केंद्रावर चाकाचा फोटो, मागचे सगळे कोरलेले आकडे आणि गाडीचा शाइन, म्हणजे नोंदणीचा कागद, घेऊन जा आणि तिथल्या इंजिनिअरशी आधीच बोला. आधी विचारणाऱ्या माणसाशी ते चांगलं बोलतात, नंतर आलेल्याशी नाही. तिथेच आणखी एक बघतात, चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरचा नक्षीचा भाग वरून झाकलेला हवा. तुमचं सहा मिमीत झाकलेलं राहील.

माझं मत विचाराल तर चाकं घ्या, कागद मिळत असेल तर, पण टायर २०५ च ठेवा. ही गाडी टनाच्या आसपासची, तिला २०५ पुरेसे आहेत आणि हलक्या चाकाचा जो फायदा तुम्ही पैसे देऊन घेताय तो जड टायरनं परत कशाला घालवायचा. बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटकडे जाणाऱ्या बी५०० वर गेलात की तो हलकेपणा खड्ड्यातून जाताना आणि दिशा बदलताना लगेच कळेल. कंपनीची चाकं विकू नका, त्यांवर हिवाळी टायर चढवा, डोंगर आणि बर्फाच्या कणाचं चिन्ह असलेले. नुसतं एम+एस लिहिलेले २०२४ च्या सप्टेंबरनंतर हिवाळी म्हणून चालत नाहीत.

प्रश्न : सर, मी पुण्याचा, बाणेर. सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ घेतलीय, ई८९ पिढीची. पुढे २२५/४० आर१८, मागे २५५/३५ आर१८, सगळे रनफ्लॅट आणि सगळे संपत आलेत. मागचं रिम साडेआठ इंची आहे. टायरवाला म्हणतो मागे २७५/३५ टाका, साधे टाका, गाडी बसल्यासारखी दिसेल आणि पैसेही वाचतील. आरटीओचं काही लफडं होईल का? आणि पुढच्या वर्षी १९ इंची मॅगव्हील टाकायचा विचार आहे.

उत्तर : टायरवाल्याच्या दुकानात २७५ शिल्लक असणार, दुसरं काही नाही. साडेआठ इंची रिमवर २७५/३५ बसवू नये, त्याला निदान नऊ इंची रिम लागतं. अरुंद रिमवर चढवला की मधला भाग फुगून उठतो, टेकतो तोच, आणि कडा हवेत, म्हणजे पैसे २७५ चे देऊन काम २४५ चं. दुसरं असं की तुमच्या गाडीत पुढचा टायर ६३७ मिमी उंच आणि मागचा ६३६, म्हणजे जवळपास सारखे. २७५/३५ येतो ६५० ला. पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यात एकदम दोन टक्के फरक पडला की एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल, जे चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करूनच चालतं, ते गोंधळायला लागतं, आणि टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी सिस्टिमही.

रनफ्लॅट काढायच्या कल्पनेला मात्र माझा पाठिंबा आहे. आपल्या रस्त्यांवर त्यांची ताठ साइडवॉल कंबरेची वाट लावते, साध्या टायरवर ही गाडी वेगळीच वाटेल. फक्त या गाडीत स्टेपनी नाही हे लक्षात ठेवा. रनफ्लॅट हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटर नेतो, साधा नेणार नाही. डिकीत छोटा कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली ठेवा, पंक्चर किटही, आणि ताम्हिणीत रविवारी सकाळी जाणार असाल तर फोनला रेंज नसते हेही धरून चला. चारही एकदम बदला, पुढे रनफ्लॅट मागे साधे असला प्रकार नको.

१९ इंचीचं सोडून द्या हो. २५५/३० आर१९ म्हणजे साइडवॉल ७६ मिमी, आताची ८९ आहे. हा १३ मिमीचा फरक म्हणजे खड्ड्यात एक फुगा आणि एक वाकलेलं रिम यांतला फरक. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे हे तो लागल्यावरच कळतं. टायरला फुगा आला की तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, आणि या साइजचा टायर नेमका स्टॉकमध्ये नसतो.

आरटीओबद्दल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेली माहिती निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकानं करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्यानंतरच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, बिनपरवानगी बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या साइजमध्ये राहिलात तर प्रश्नच नाही, ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये साइज असतात. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक मात्र चौकातल्या मामांना लांबून दिसतं, त्याला कायद्याचं पुस्तक लागत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेयर आधी टायरच बघतो.

प्रश्न : दुबईत असतो, निसान ३७०झेड आहे, १९ इंची, पुढे २४५/४०, मागे २७५/३५. चाकं तीच आवडतात, फक्त बाहेर आलेली हवीत. इथे एका दुकानात २० मिमीचे स्पेसर आहेत, नुसते स्टडवर सरकवून चाक लावायचं, स्वस्त आहेत. लावू का?

उत्तर : ते नका लावू. चाक अडकवणारे स्टड ठरावीक लांबीचे असतात, त्यातले २० मिमी स्पेसरनं खाल्ले की नटाला पकडायला दोनतीन आटेच उरतात, आणि शेख झायद रोडवर १२० च्या वेगात चाक तेवढ्या आट्यांवर आहे ही कल्पना मला तरी झोपू देणार नाही. सरकवायचे स्पेसर फार तर तीन ते पाच मिमीपर्यंत, तेही आटे मोजून. २० हवेच असतील तर स्वतःचे स्टड असलेले, आधी हबला बोल्ट होणारे आणि मग त्यावर चाक, असे घ्या, मधलं भोक ६६.१ चं नेमकं आणि ५ बाय ११४.३, चांगल्या कंपनीचे फोर्ज्ड. आधी स्पेसरचे नट टॉर्क रेंचनं, मग चाकाचे. शंभरेक किलोमीटर चालवून चाकं काढून स्पेसरचे नट परत तपासा, हे कोणी करत नाही आणि तिथेच घोळ होतो. मागे २७५ आधीच फेंडरच्या बऱ्यापैकी जवळ आहे, म्हणून मागे १५ च्या वर जाण्याआधी खडूचा प्रयोग करा, वर फ्रीमॉंटच्या उत्तरात दिलाय.

आणि स्पेसर घ्यायला दुकानात जालच तर खाली वाकून टायरवर डीओटीपुढचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. तिकडे पाच वर्षांपेक्षा जुना टायर रजिस्ट्रेशनच्या तपासणीत नापास होतो, आणि वीकेंडपुरत्या काढलेल्या गाड्यांचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात.